नाताळात मुलांकडे परदेशी जाताय? मग इंग्रजी मिस्सेची थोडी तयारी करून जा

मागच्या डिसेंबरात आईबाबा माझ्याकडे इंग्लंडला आले. आईला शाळेत असताना नन्सनी शिकवलेली इंग्रजी मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची चर्चमधली उपासना, तोंडपाठ, त्यानंतर वसईत सगळी वर्षं मराठी मिस्सा, त्यामुळे २०११ मध्ये लोकांनी फादरांना द्यायची इंग्रजी उत्तरं बदलली हे तिला माहीतच नव्हतं. फादर म्हणाले 'द लॉर्ड बी विथ यू', आख्खं देऊळ म्हणालं 'अँड विथ युवर स्पिरिट' आणि मधूनच आईचा एकटीचा खणखणीत 'अँड ऑल्सो विथ यू'! नंतर कम्युनियनपर्यंत, म्हणजे पवित्र भाकर घेईपर्यंत, तिने तोंडच उघडलं नाही. आता यंदा सासूबाई येतायत, म्हणून त्यांना जे सांगितलं तेच इथे टाकतेय.

पहिलं म्हणजे घाबरू नका, 'अवर फादर' जसंच्या तसं आहे, त्याला हात लागलेला नाही. पाठ करायचंच तर आधी ते 'स्पिरिट'वालं उत्तर करा कारण ते एका मिस्सेत पाच वेळा येतं, सुरुवातीला, शुभवर्तमानाआधी, प्रीफेसला म्हणजे मुख्य प्रार्थनेच्या सुरुवातीला, शांतीच्या वेळी आणि शेवटच्या आशीर्वादाला. नुसतं वाचून काही होत नाही हां, जीभ जुन्याच वाटेने जाते, भाजी चिरताना मोठ्याने म्हणा. प्रीफेसला त्याच्या पाठोपाठ 'इट इज राइट अँड जस्ट' येतं, तेही जोडीनेच घ्या.

कबुलीच्या प्रार्थनेत 'थ्रू माय फॉल्ट' आता तीनदा म्हणायचं, छातीवर हात मारत. घरात लॅटिन मिस्सा ऐकलेलं कोणी असेल तर त्यांना विचारा, ते म्हणतील यात नवीन काय, हे तर आमचंच 'मेआ कुल्पा'. बरोबरच आहे, १९७३ चं भाषांतर सुटसुटीत होतं, पण २००१ मध्ये रोमने सांगितलं की लॅटिनच्या जवळ राहा आणि मग हे सगळं झालं.

ग्लोरियाचं, म्हणजे देवाच्या स्तुतिगीताचं, टेन्शन सध्या नको, आगमनकाळाच्या म्हणजे नाताळआधीच्या रविवारी तो नसतोच, थेट नाताळच्या मिस्सेला येईल आणि तिथे क्वायर असते, फक्त जुन्या चालीवर सुरू होऊ नका, शब्द बसत नाहीत. क्रीड, म्हणजे आपल्या श्रद्धेची घोषणा, मात्र नीट बघा. 'वुई बिलीव्ह'चं 'आय बिलीव्ह' झालंय आणि मध्ये 'कन्सबस्टॅन्शियल' (पित्याशी एकाच तत्त्वाचा) नावाचा दगड आहे, मला तो शब्द आजही आवडत नाही, आधीचं 'वन इन बीइंग' काय वाईट होतं? त्याच क्रीडमध्ये येशू मनुष्य झाला त्या ओळीला एरवी मान झुकवतात पण नाताळला गुडघे टेकतात, तर ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी बाकाच्या कडेची जागा धरा.

भाकर-द्राक्षारसावरच्या प्रार्थनेत लोक म्हणायचे ते 'क्राइस्ट हॅज डाइड' गेलं, त्याजागी तीन पर्याय आहेत, कुठला ते शेजारचा म्हणेल तसं म्हणा. कम्युनियनआधी 'नॉट वर्दी टू रिसीव्ह यू' ऐवजी आता 'दॅट यू शुड एंटर अंडर माय रूफ', म्हणजे मत्तयच्या आठव्या अध्यायातला तो रोमन अधिकारी येशूला म्हणतो ना, माझ्या छपराखाली यावं एवढी माझी लायकी नाही, तेच. हा बदल मला मनापासून पटला. आणि फादरांच्या प्रार्थनेत कधीकधी पवित्र आत्मा दवासारखा उतरतो, ते ऐकायला कान उघडे ठेवा.

सामानात वाचायचा चष्मा टाका, आणि उत्तरं मोठ्या अक्षरात छापून दोन प्रती हँडबॅगेत, कारण देवळातल्या कार्डावरची अक्षरं मुंगीएवढी असतात. मोबाईलवर बघणार असाल तर आधी सायलेंट.

बाकी शेवटचं 'थँक्स बी टू गॉड' जुनंच आहे. आईला हे कळल्यापासून ती ते एवढ्या जोरात म्हणते की फादर दारात तिला वेगळं भेटतात.