शिंक यायच्या आधीची गोळी

"सर्दीनी गोळी दे व ताई."

भाद्रपद सरत आला की चोपड्यातल्या माझ्या मेडिकलच्या काउंटरवर हे वाक्य सकाळपासून सुरू होतं. नाक लाल, डोळे चोळून सुजलेले, हातात ओला रुमाल. मी आधी उलट विचारते. ताप आहे का? अंग दुखतंय का? नाकातून पाण्यासारखं गळतंय की घट्ट? टाळू, कान, डोळे खाजतात का? ताप नाही, पाणी गळतंय, खाज सुटते आणि दरवर्षी याच दिवसांत होतं, असं उत्तर आलं तर बहुतेक वेळा ती सर्दी नसते, परागकणांची ॲलर्जी असते. मलाही आहे, एकवीस वर्षांपासून. गर्दीत जे नीट सांगता येत नाही ते इथे सांगते.

आधी चोर ओळखा. आमच्याकडे सगळ्यांचा पहिला संशय कापसावर. पण कपाशीच्या फुलाचे परागकण जड आणि चिकट असतात, ते भुंग्या-मधमाश्यांच्या अंगाला लागून जातात, वाऱ्यावर फारसे उडत नाहीत. (जिनिंगमध्ये काम करणाऱ्याची छाती भरते, ती कापसाच्या धुळीने. ते दुखणं वेगळं, त्याला शिंकेची गोळी नको, डॉक्टर हवा.) साधा ठोकताळा असा: जे फूल बघून फोटो काढावासा वाटतो, ते सहसा निर्दोष. त्याला किडे बोलवायचे असतात म्हणून ते नटतं. ज्याचं फूल आपल्या लक्षातही येत नाही ते वाऱ्यावर विसंबून असतं, आणि तेच आपल्या नाकात येतं. गवतं, काटेमाठ, एरंड, वावळ, ज्वारी-बाजरी, आणि आपलं गाजरगवत. हे गाजरगवत पुण्याजवळ पहिल्यांदा नोंदलं गेलं ते १९५५च्या सुमारास. आता बांध, गटार, एसटी स्टँडची मागची बाजू, कुठे नाही ते सांगा.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज रात्री एक खूण करा: शिंका किती, नाक चोंदलं का, आज कुठे गेलो होतो. बस एवढंच. मी तीन वर्षं केलं तेव्हा कळलं की माझे दोन हंगाम आहेत. एक पावसाळा उतरताना, आणि दुसरा थंडीत, तापीकाठच्या आमच्या शेतात दादर (आमच्याकडची रब्बी ज्वारी) फुलोऱ्यात येते तेव्हा. ज्वारीचं फूल रात्री उशिरा ते सकाळपर्यंत उमलतं. म्हणजे मी पहाटे पाणी धरायला यांच्याबरोबर जायचे, तीच वेळ सगळ्यात वाईट. आता दुपारनंतर जाते.

आता नाकात काय होतं ते बघा, कारण औषधाची वेळ त्यावरच ठरते.

गंमत म्हणजे पहिल्या खेपेला काहीच होत नाही. परागकण नाकाच्या ओल्या अस्तरावर पडतो आणि काही मिनिटांत त्यातली प्रथिनं विरघळून बाहेर येतात. अस्तरात डेंड्रायटिक पेशी असतात, त्या हे प्रथिन उचलून मानेतल्या लसिकाग्रंथीत नेतात, पोलीस पाटलाने चावडीवर खबर द्यावी तसं. तिथे टी पेशींनी (या रोगप्रतिकारशक्तीच्या पेशी) "हे निरुपद्रवी आहे, जाऊ द्या" म्हणायला हवं. आपल्यासारख्यांत त्या भलतंच ठरवतात आणि इंटरल्युकिन-४ आणि इंटरल्युकिन-१३ नावाचे निरोप सोडतात. ते निरोप मिळाले की बी पेशी आयजीई नावाची प्रतिपिंडं (अँटीबॉडी) बनवू लागतात. हे आयजीई १९६६ साली किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी जोडप्याने अमेरिकेत शोधलं, रॅगवीडच्या ॲलर्जीच्या रुग्णांच्या रक्तात. रॅगवीड म्हणजे आपल्या गाजरगवताचं भाऊबंदच.

हे आयजीई जाऊन बसतं मास्ट पेशींवर. मास्ट पेशी म्हणजे हिस्टामिन नावाच्या रसायनाच्या पुड्यांनी गच्च भरलेलं गोदाम, आणि अंगावर हजारो आयजीई काट्यांसारखे उभे. पुढच्या हंगामात तोच परागकण आला की त्याचं एक प्रथिन शेजारशेजारच्या दोन आयजीईंना एकदम धरतं. एकाला धरून भागत नाही, दोघांत पूल बांधला गेला पाहिजे. तो बांधला की पेशीच्या आत लिन आणि सिक ही विकरं (एन्झाइम) जागी होतात, निरोप पुढे सरकतो, कॅल्शियम वाढतं आणि पुड्या फुटतात. हे सगळं मिनिटांत होतं. हिस्टामिन नसांवरच्या एच-१ नावाच्या खुर्चीवर बसतं आणि शिंक, खाज, पाणी सुरू. त्याच पेशी मागोमाग ल्युकोट्राइन बनवतात, त्याने नाक सुजतं. चार ते आठ तासांनी दुसरी फळी येते. इंटरल्युकिन-५च्या हाकेवर इओसिनोफिल पेशी जमतात. म्हणूनच सकाळी शेतात शिंकलेला माणूस रात्री झोपताना "नाकच बंद झालं" म्हणतो.

गोळी, म्हणजे सेट्रिझिन किंवा फेक्सोफेनाडिन, हिस्टामिन काढून टाकत नाही. ती फक्त खुर्ची अडवते. हिस्टामिन आधीच बसलं असेल तर गोळीचा जोर कमी पडतो. म्हणून डॉक्टरांनी दिलेली गोळी निंदणीला जायच्या तासभर आधी घ्या, पंधरा शिंका झाल्यावर नको. सेट्रिझिनने झोप येते, तेव्हा ती घेऊन ट्रॅक्टरवर किंवा मोटारसायकलवर बसू नका. फेक्सोफेनाडिन पाण्याबरोबरच, मोसंबीच्या रसाबरोबर घेतली तर अंगात कमी शिरते. आणि गोळीने चोंदलेलं नाक फारसं उघडत नाही, कारण तो कारभार दुसऱ्या फळीचा.

त्या फळीसाठी स्टेरॉइडचा नाकातला स्प्रे. चिठ्ठीशिवाय मी देत नाही. तो पेशीच्या केंद्रकापर्यंत जाऊन निरोप लिहिणंच कमी करवतो, म्हणून त्याला वेळ लागतो. पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे. लोक दोन दिवस मारतात आणि "काही उपयोग नाही" म्हणून अर्धी बाटली फेकतात. माझ्या डॉक्टरांनी मला पोळ्याच्या सुमारास, हंगामाच्या आधीच सुरू करायला सांगितलंय.

मारायची पद्धत दहातल्या नऊ जणांची चुकते, हा माझा काउंटरवरचा अंदाज. नाक हळू शिंकरून घ्या. बाटली हलवा. नवी असेल तर बारीक फवारा दिसेपर्यंत हवेत दाबा. मान वर करायची नाही, थोडी खाली, पोथी वाचताना असते तशी. उजव्या नाकपुडीला डावा हात, डाव्या नाकपुडीला उजवा. असं केलं की टोक आपोआप बाहेरच्या बाजूला, त्याच कानाच्या दिशेला वळतं. मधल्या पडद्यावर फवारा बसत राहिला तर रक्त येतं. दाबताना श्वास हळू घ्या. जोरात ओढलं तर औषध घशात जातं आणि कडू लागतं. कडू लागलं, म्हणजे पद्धत चुकली.

नाक मोकळं करणारे झायलोमेटाझोलिनचे थेंब वेगळे. ते रक्तवाहिन्या आवळतात, मिनिटांत नाक उघडतं आणि तिथेच माणूस फसतो. मी बी.फार्म. झालेली बाई, तरी नव्या नवरीच्या दिवसांत दोन महिने टाकले, उशीखाली बाटली ठेवून. तीन-चार दिवसांच्या वर टाकले की थेंब उतरताच नाक आधीपेक्षा जास्त सुजतं. सोडवायला डॉक्टर आणि स्प्रे लागला, आणि पंधरा रात्री बसून काढल्या.

शेतातून आल्यावर नाक धुणं मात्र कुणालाही जमतं. पाव लिटर उकळून गार केलेलं पाणी, चहाचा अर्धा चमचा मीठ, चिमूटभर खायचा सोडा. नेतीच्या लोट्याने एकीकडून घालायचं, दुसरीकडून सोडायचं. प्रथिनं विरघळण्याआधी परागकण जेवढे निघतील तेवढा फायदा. पाणी उकळलेलंच हवं, बोअरचं किंवा नळाचं थेट नको. त्यातला एक अमिबा नाकावाटे मेंदूत जाऊ शकतो. असं क्वचित होतं, पण झालं तर माणूस सहसा वाचत नाही.

तपासणीबद्दल. कातडीवर थेंब टाकून टोचण्याची चाचणी करायची तर गोळी साधारण आठवडाभर आधी बंद लागते, डॉक्टरांना विचारून. मी पहाटेच्या एसटीने नाशिकला गेले आणि आदल्या रात्री सवयीने गोळी घेतली होती. तिथे तुलनेसाठी शुद्ध हिस्टामिनचाही एक थेंब टोचतात. वीस मिनिटांनी तोही फुगला नव्हता. खुर्च्याच अडवलेल्या! तशीच परत आले. रक्तातल्या आयजीईच्या चाचणीला गोळीची अडचण नाही. पण 'टोटल आयजीई वाढलंय' एवढा कागद दाखवून चोर सापडत नाही, पोटातल्या जंतांनीही ते वाढतं.

आणखी दोन गोष्टी. गाजरगवत उपटल्यावर हाताला, मानेला जे पुरळ उठतं ते बहुधा आयजीईचं काम नसतं. तिथे टी पेशी स्वतःच हल्ला करतात, दोन दिवसांनी. शिंकेची गोळी त्याला फारशी लागू पडत नाही, त्वचेच्या डॉक्टरकडे जा आणि उपटताना लांब बाह्या, हातमोजे घाला. आणि छातीत शिट्टी वाजत असेल, रात्री खोकल्याने जाग येत असेल, तर माझ्या काउंटरवर थांबू नका. तो दमा असू शकतो.

ॲलर्जीवर लशीचा उपचार जुना आहे. लिओनार्ड नूनने १९११ साली लंडनमध्ये गवताच्या परागाचा अर्क टोचून पाहिला होता. थोडा थोडा डोस वाढवत नेला की हल्ला आवरणाऱ्या टी पेशी पुढे येतात, आणि आयजीजी-४ हे प्रतिपिंड परागाचं प्रथिन आयजीईपर्यंत पोचण्याआधीच अडवतं. तीन वर्षं तरी लागतात, आणि प्रत्येक टोचणीनंतर अर्धा तास दवाखान्यातच बसायचं असतं. माझं दुसरं वर्ष चालू आहे. यंदा दादरीच्या दिवसांत कॅलेंडरवर खुणा निम्म्या आहेत.

माझं माहेर रावेरकडचं, केळीतलं. आणि मला पिकलं केळं खाल्लं की जीभ, टाळू खाजते. भाऊ हसतो. परागांत प्रोफिलिन नावाचं प्रथिन असतं, त्याच्याशी मिळतंजुळतं प्रथिन केळ्यातही असतं, आणि आयजीई त्या दोघांत गफलत करतं. तोंडापुरती खाज असेल तर ते फळ टाळलं की भागतं. घसा आवळला, ओठ सुजले, चक्कर आली तर मात्र थेट दवाखाना. उष्णतेने हे प्रथिन मोडतं, म्हणून तळलेलं मला चालतं. आई आता निघताना फणी बांधून देत नाही, कच्च्या केळ्याच्या वेफरची पिशवी देते, आणि ती यावलपर्यंत पुरत नाही म्हणून दोन देते.