माळ्यावरचं अर्धवट मराठी पुस्तक ऑनलाइन कसं शोधावं

बडोद्यात दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यातल्या जुन्या मराठी घरांत माळा आवरायला काढला की अशी पुस्तकं निघतात: मुखपृष्ठ गेलेलं, शेवटची पानं वाळवीने खाल्लेली. उरलेलं पुस्तक पूर्ण मिळवायचं असेल तर आधी हातात आहे ते नीट तपासा.

लेखक, छापखाना आणि साल कागदावर टिपा. साल शके असेल तर 78 मिळवा. शके 1832 म्हणजे साधारण 1910. संवत असेल तर 56 किंवा 57 वजा करा. आवृत्ती कितवी तेही लिहा, कारण दुसऱ्या आवृत्तीत मजकूर बदललेला असू शकतो.

मग इंटरनेट आर्काइव्ह या मोफत ऑनलाइन ग्रंथालयात शोधा. खरी मेख इथेच आहे. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या सरकारी प्रकल्पाने स्कॅन केलेली बरीच मराठी पुस्तकं तिथे रोमन लिपीतल्या नावांनी चढवली आहेत आणि स्पेलिंगला काही धरबंध नाही. ‘आ’साठी कुठे एक ‘ए’, कुठे दोन. दीर्घ ‘ई’साठी ‘आय’ दोनदा. देवनागरीत काही सापडलं नाही म्हणून सोडून देऊ नका. लेखकाचं नुसतं आडनाव तीन-चार तऱ्हांनी टाकून बघा. तिथल्या सालावर मात्र विसंबू नका, पुस्तक उघडून मुखपानच पाहा. पुढे नॅशनल डिजिटल लायब्ररी, राज्य मराठी विकास संस्थेचं संकेतस्थळ आणि मराठी विकिस्रोत (विकिपीडियासारखंच, पण मूळ पुस्तकांचं संकेतस्थळ) हेही चाळा.

पुस्तक मिळालं की हक्क तपासा. भारतात लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षं स्वामित्वहक्क राहतो. 1965 मध्ये वारलेल्या लेखकाचं लेखन 1 जानेवारी 2026 पासून मोकळं झालं. अनुवाद असेल तर अनुवादकाचाही हक्क असतो, हे हटकून विसरलं जातं.

पानातला मजकूर हवा असेल तर पानाचा फोटो गूगल ड्राइव्हवर टाकून गूगल डॉक्समध्ये उघडा, अक्षरं आपोआप टंकली जातात. ध-घ, भ-म आणि रफार मात्र डोळ्यांनी तपासायलाच हवेत. शोधताना ‘काही’ आणि ‘कांहीं’ दोन्ही टाका: 1962 च्या लेखननियमांआधीच्या पुस्तकांत अनुस्वारांची रेलचेल असते.

एवढं करूनही हाती काही लागलं नाही तर टिपलेला कागद घेऊन मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी गाठा. सयाजीरावांनी 1910 मध्ये अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांना बोलावून बडोद्याची ग्रंथालयं उभी केली. गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरायच्या. खालच्या मजल्यापर्यंत उजेड पोचावा म्हणून या इमारतीत कपाटांच्या मजल्यांना काचेची जमीन आहे, तीही बघून घ्या. मोबाइलने पानं टिपायची तर आधी परवानगी मागा, फ्लॅश बंद ठेवा आणि बांधणी मोडेल इतकं पुस्तक सपाट दाबू नका. पहिला फोटो मुखपानाचा काढा, म्हणजे नंतर ही पानं कुठल्या पुस्तकाची हा घोळ होत नाही.

पुस्तक हक्कमुक्त असेल तर तुमचा स्कॅन आर्काइव्हवर चढवा, आणि नाव रोमनबरोबर देवनागरीतही लिहा.