बटनावर बसल्यावर कोणती पाने खेळावीत

तीन पत्तीवर वाढलेल्या माणसाला पोकर शिकवताना सर्वांत अवघड जाते ते पाने उचलण्याआधी स्वतःची जागा पाहायला लावणे. तीन पत्तीत हाती आलेली तीन पाने शेवटपर्यंत तीच राहतात, म्हणून त्यांची किंमत वाटपाच्या क्षणीच ठरून जाते. टेक्सास होल्डेम पोकरमध्ये मात्र हातात दोनच पाने येतात, मध्ये सर्वांच्या वापराची पाच पाने टप्प्याटप्प्याने उघडतात, आणि प्रत्येक टप्प्यावर कोण आधी बोलतो व कोण नंतर, यावर त्याच दोन पानांची किंमत चढते किंवा उतरते. मोंढ्यात सोयाबीनच्या सौद्याला उभा असलेला खरेदीदार इतरांची बोली ऐकून मग स्वतःचा भाव सांगतो. पोकरमध्ये ही सोय ज्याला मिळते, त्याच्या जागेला बटन म्हणतात.

परभणीजवळच्या आमच्या जुन्या वाड्याच्या ढाळजेत दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहा जण सतरंजीवर बसतो आणि चिंचोक्यांवर खेळतो. महाराष्ट्रात जुगाराविरुद्ध १८८७ चा कायदा आहे आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली आहे, म्हणून पैशाचा विषय आम्ही ठेवलेलाच नाही. खेळाची रीत मात्र पूर्णपणे कॅश गेमची आहे. बटनाच्या डावीकडचे पहिले दोघे पाने पाहण्याआधीच ठरावीक चिंचोके लावतात, त्यांना ब्लाइंड म्हणतात: पहिल्याचा स्मॉल ब्लाइंड एक चिंचोका, दुसऱ्याचा बिग ब्लाइंड दोन, प्रत्येकाजवळ सुरुवातीला दोनशे, आणि संपले की डब्यातून पुन्हा घ्यायचे. स्पर्धेत ब्लाइंड वाढत जातात तसे येथे वाढत नाहीत, त्यामुळे घाईने कच्ची पाने खेळण्याची कोणावरही सक्ती नसते. पुढचे सर्व हिशेब याच आकड्यांवर मांडले आहेत.

उशिराच्या जागा दोनच: बटन आणि त्याच्या उजवीकडचा कटऑफ. स्मॉल ब्लाइंडला पाने पाहिल्यावर बऱ्याच उशिरा बोलायला मिळते, म्हणून नवखे त्यालाही उशिराची जागा समजतात. परंतु फ्लॉप (मधली पहिली तीन पाने), टर्न (चौथे) आणि रिव्हर (पाचवे) या तिन्ही टप्प्यांवर त्यालाच सर्वांच्या आधी बोलावे लागते, त्यामुळे ती जागा सर्वांत अवघड आहे.

आधी मोजणी समजून घ्यावी, कारण निवडीचे बरेचसे तर्क तिच्यातूनच निघतात. ५२ पानांतून दोन पानांच्या १,३२६ जुळण्या होतात. कोणतीही एक जोडी ६ प्रकारे येते, एकाच रंगाची दोन ठरावीक पाने ४ प्रकारे आणि वेगवेगळ्या रंगांची १२ प्रकारे येतात. (येथे रंग म्हणजे लाल-काळा नव्हे, इस्पिक, बदाम, चौकट, किलवर यांपैकी एक.) म्हणजे एका रंगाची राजा-अठ्ठी खेळायच्या पानांच्या यादीत घेतली तर ४ जुळण्यांची भर पडते, पण तीच दोन रंगांची घेतली की १२ ची पडते. यादी हाताबाहेर जाते ती या दोन रंगांच्या पानांमुळे, आणि म्हणूनच कात्री लावायची वेळ आली की ती आधी तेथे लावावी.

तुमच्यापर्यंत सर्वांनी पाने टाकून डाव सोडला असेल, तर कटऑफवरून पुढील पाने घेऊन डाव उघडावा: सर्व जोड्या, एका रंगातला एक्का, सोबत काहीही, एका रंगातला राजा अठ्ठीपर्यंत (म्हणजे सोबतचे पान अठ्ठी किंवा त्याहून मोठे), राणी आणि गुलाम नव्वीपर्यंत, एका रंगातल्या लगतच्या जोडगोळ्या दश्शी-नव्वीपासून सत्ती-छक्कीपर्यंत, आणि दोन रंगांतली दश्शी किंवा त्याहून मोठी कोणतीही दोन पाने. ही बेरीज ३०२ जुळण्यांची होते, म्हणजे शंभरातले सुमारे तेवीस डाव.

बटनावर हीच यादी मोकळी होते. एका रंगातला राजा कोणत्याही पानासह, राणी पंजीपर्यंत, गुलाम आणि दश्शी सत्तीपर्यंत, त्याखाली लगतची किंवा मध्ये एकच पान सुटलेली नव्वी, अठ्ठी आणि सत्ती, शिवाय छक्की-पंजी व पंजी-चौकी. दोन रंगांत एक्का पंजीपर्यंत, राजा, राणी आणि गुलाम नव्वीपर्यंत, आणि दश्शी-नव्वी. ही संख्या ४८६ भरते, म्हणजे शंभरात जवळजवळ सदतीस. एका जागेच्या फरकाने इतकी भर पडते, कारण कटऑफच्या मागे अजून तिघे बोलायचे असतात आणि त्यांतला बटनवाला पुढे प्रत्येक टप्प्यावर त्याच्या नंतर बोलणार असतो.

या यादीतील कोणत्याही पानांनी उघडायचे तर वाढवूनच उघडावे; नुसते दोन चिंचोके टाकून आत येणे म्हणजे बिग ब्लाइंडला फुकटात फ्लॉप दाखवणे होय. मी पाच चिंचोक्यांपर्यंत वाढवतो. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, ब्लाइंडांचे आधीचे तीन असतात, म्हणजे तीन मिळवण्यासाठी पाच लावले; नुसत्या या चालीतून तोटा होऊ नये यासाठी दोन्ही ब्लाइंडांनी मिळून आठपैकी पाच वेळा पाने टाकली पाहिजेत. डावीकडचा प्रत्येक जण दहापैकी आठ वेळा टाकत असेल तर दोघेही टाकण्याचे प्रमाण शंभरात चौसष्ट येते, आणि पाने न पाहताही चाल जेमतेम परवडते. म्हणूनच माझे आग्रहाचे सांगणे आहे की यादी पाठ करण्यापेक्षा डावीकडच्या दोघांकडे आधी पाहावे. माझा मावसभाऊ बिग ब्लाइंडवर असला की काहीही आले तरी कॉल करतो, म्हणजे समोरच्याने लावले तेवढे देऊन डावात राहतो. तेव्हा मी पंजी-चौकी आणि सत्ती-पंजी टाकून देतो, चांगली जोडी लागेल अशी मोठी पाने ठेवतो आणि पाचाऐवजी सात लावतो. याउलट तेथे उलटून पुन्हा वाढवणारा कोणी असेल तर दोन रंगांतल्या राणी-नव्वी, गुलाम-नव्वी यांच्यावर काट मारावी.

आधी कोणी वाढवले असेल तर वरच्या दोन्ही याद्या बाजूला ठेवाव्यात. हे मी चिंचोके गमावून शिकलो. धाकट्या काकांनी पहिल्याच जागेवरून सहा लावले होते. मी बटनावर, हातात इस्पिकचा राजा आणि चौकटचा गुलाम, आणि जागा चांगली आहे एवढ्याच भरवशावर मी कॉल केला. दोन्ही ब्लाइंडांनी पाने टाकली आणि पॉट पंधराचा झाला. फ्लॉपला बदामचा राजा, किलवरची नव्वी आणि इस्पिकची चौकी उघडली. काकांनी दहा लावले, मी दिले; टर्नला दुर्री, त्यांनी बावीस, मी दिले; रिव्हरला सत्ती, त्यांनी चाळीस, मी तेही दिले. त्यांनी एक्का-राजा दाखवला. माझे अठ्ठ्याहत्तर चिंचोके गेले ते राजा लागला म्हणूनच. लागला नसता तर सहावरच सुटलो असतो. काका एवढेच म्हणाले, “अरे, मी पहिल्या जागेवरून वाढवलं होतं, ते ध्यानात घेतलंस का?”

लवकरच्या जागेवरून वाढवणाऱ्याकडे बहुतेक एक्का-राजा, एक्का-राणी किंवा मोठी जोडी असते. तुमचे मोठे पान त्याच्याकडेही असते आणि सोबतचे पान त्याचे वरचढ ठरते. म्हणून अशा वेळी दोन रंगांतले राजा-गुलाम, राणी-दश्शी आणि एक्का-दश्शी बटनावरूनही टाकावेत. लहान जोड्या ठेवाव्यात, पण हिशेबाने: फ्लॉपला तिसरे पान लागण्याची शक्यता सुमारे साडेआठात एक आहे, आणि लागले तरी प्रत्येक वेळी समोरचा सगळे देत नाही. सहा चिंचोक्यांचा कॉल करायचा असेल तर दोघांपैकी ज्याच्याजवळ कमी आहेत त्याच्यापुढेही किमान शंभर-सव्वाशे चिंचोके असावेत. एका रंगातल्या अठ्ठी-सत्तीसारख्या पानांसाठीही पुढे एवढेच चिंचोके असावे लागतात. फ्लॉपलाच पूर्ण कलर, म्हणजे एका रंगाची पाच पाने, लागणे शंभरात एकदाही होत नाही, आणि एकच पान कमी असलेली नुसती आशा मात्र सुमारे नऊ वेळांत एकदा लागते.

कोणी न वाढवता दोनच चिंचोके टाकून आत आला असेल, तर बटनावरून सात-आठपर्यंत वाढवून त्याला एकटे गाठावे. येथे यादी कटऑफएवढी ठेवावी, कारण स्वतःहून आत आलेला माणूस ब्लाइंडवाल्यासारखा सहज पाने टाकत नाही.

रात्री उशिरा डाव्या बाजूच्या एखाद्याजवळ चाळीसच चिंचोके उरलेले असतात. तो उलट सगळे लावण्याची शक्यता तेव्हा वाढते, आणि पुढच्या टप्प्यांवर शेवटी बोलण्याचा तुमचा फायदा वापरायला जागाच राहत नाही. अशा वेळी छक्की-पंजी, पंजी-चौकी आणि सत्ती-पंजी टाकावीत, एक्का-नव्वी आणि राजा-राणी ठेवावीत, आणि पाचाऐवजी चारच लावावेत, म्हणजे त्याने उलटवलेच तर सोडून देणे परवडते.