कंपनी फिटेड सबवूफर फडफडतोय? बदलायच्या आधी एकदा उघडून बघा

गाडीसोबत आलेला सबवूफर, म्हणजे बास वाजवणारा मोठा स्पीकर, काही वर्षांनी फडफडायला लागला की सगळ्यांचं उत्तर ठरलेलं, गेला वूफर, नवीन टाका. पण त्यातला खरा मालाचा भाग म्हणजे मॅग्नेट, फ्रेम आणि कॉईल (मॅग्नेटच्या फटीत हलणारी तारेची गुंडाळी) बऱ्याचदा ठणठणीत असतो, आणि मेलेला असतो तो फक्त कोनाच्या (म्हणजे हलून आवाज काढणाऱ्या पडद्याच्या) कडेचा फोमचा गोल, नाहीतर टर्मिनलपासून कोनाकडे जाणारी ती विणलेली बारीक वायर. ही दोन्ही कामं घरी होतात, हात स्थिर पाहिजे आणि घाई नको, बस. कॉईल जळली असेल तर मात्र गोष्ट वेगळी, ते पुढे सांगतो.

पण आधी गाडी न उघडता करायच्या गोष्टी, कारण मी स्वतः इथेच गंडलोय. माझ्या गाडीत बास आला की मागून टर्र टर्र असा आवाज यायचा, मी छातीठोकपणे ठरवलं की वूफर फाटला, अर्धी डिकी सोलून काढली, तीन क्लिपा तोडल्या, आणि शेवटी निघालं काय तर स्टेपनीच्या खड्ड्यात जॅकचा दांडा सुटा पडलेला होता आणि तो पत्र्यावर नाचत होता. म्हणून आधी डिकी पूर्ण रिकामी करा, बास जास्त असलेलं गाणं लावा, आणि दुसऱ्या कोणालातरी नंबर प्लेट, मागच्या काचेखालची फळी, प्लॅस्टिकचे पॅनल, स्पीकरची जाळी असं एकेक हाताने दाबून धरायला सांगा. कुठेतरी दाबल्यावर आवाज थांबला तर वूफर निर्दोष, तिथे फोमची चिकटपट्टी लावा आणि विषय संपवा.

आवाज येतच नसेल तर सिस्टिमच्या सेटिंगमध्ये सबवूफरची लेव्हल शून्यावर गेलीये का ते बघा, बॅटरी बदलल्यावर सेटिंग उडालेली असू शकते. मग फ्यूज. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये ऑडिओ अँपचा (म्हणजे अँप्लिफायरचा, जो वूफरला ताकद देतो) फ्यूज कुठला ते लिहिलेलं असतं. फ्यूज उडालेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा टाका, मोठा टाकून बघू असले प्रयोग नकोत. नवा पण लगेच उडाला तर वायर कुठेतरी शॉर्ट आहे किंवा अँप गेलाय.

आता उघडायचं. वूफर कुठे बसवलाय ते गाडीगाडीवर आहे, डिकीच्या बाजूच्या पॅनलमागे, मागच्या काचेखालच्या फळीत, स्टेपनीच्या आत, नाहीतर पुढच्या सीटखाली. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा, हे मी फॉर्मॅलिटी म्हणून सांगत नाहीये, बाजूच्या पॅनलमागून कर्टन एअरबॅगच्या (खिडकीवर पडद्यासारखी उघडते ती) वायरी जाऊ शकतात. पिवळ्या कनेक्टरला हात लावायचा नाही, हायब्रीड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर नारिंगी केबलला तर अजिबातच नाही. सीटखालचा वूफर असेल आणि सीट काढावी लागणार असेल तर सीटचा कनेक्टर सुटलेला असताना इग्निशन ऑन करू नका, एअरबॅगचा दिवा लागतो आणि मग तो घालवायला वेगळी धावपळ. आणि एक, डिकीचं लॉक इलेक्ट्रिक असेल तर बॅटरी काढलेली असताना डिकी धाडकन बंद करू नका. का ते एकदा बाहेर अडकलात की कळेल.

पॅनलच्या क्लिपा प्लॅस्टिकच्या पट्टीने उचकटा, स्क्रू ड्रायव्हरने पत्र्याचा रंग जातो. गाडी थंड असेल तर प्लॅस्टिक कडक होऊन क्लिपा पटापट तुटतात, थोडं ऊन लागू द्या. प्रत्येक टप्प्याला फोटो काढा, कुठला स्क्रू लांब कुठला आखूड हे दोन तासांनी कोणाला आठवत नाही.

वूफर हातात आला की आधी नुसतं बघा. कोनाच्या कडेला जो फुगीर गोल असतो तो फोमचा असेल तर बोटाने हलकं दाबून बघा, जुना फोम चिकट भुगा होऊन बोटालाच लागतो. फोमचा हा शत्रू म्हणजे दमट हवा आणि ऊन, तुम्ही गाणी किती मोठ्याने लावलीत त्याचा संबंध फार कमी, त्यामुळे मागच्या काचेखालच्या फळीतले वूफर लवकर जातात. गोल रबराचा असेल तर तो सहसा सडत नाही, पण कोनापासून चिकट सुटून उघडा पडू शकतो, मग नुसतं परत चिकटवायचं.

नंतर दोन्ही हातांची बोटं कोनावर गोलाकार ठेवून सगळीकडून सारखा दाब देत कोन आत ढकला आणि सोडा, कान जवळ न्या. काहीच आवाज नाही तर छान. खर्र असा आवाज आला तर कॉईल आत घासतेय, म्हणजे एकतर फोम गेल्यामुळे कोन एका बाजूला कलंडलाय (हे दुरुस्त होतं) किंवा कॉईल जळून फुगलीये (हे घरी होत नाही). नाक जवळ नेऊन वास पण घ्या, जळलेल्या वार्निशचा वास एकदा ओळखीचा झाला की विसरत नाही.

मग मल्टिमीटर, त्यावर कॉईलचा रेझिस्टन्स ओहममध्ये बघायचा. वायरचा कनेक्टर काढूनच मोजायचं, नाहीतर अँपसकट मोजलं जाईल. मीटरच्या दोन पिना आधी एकमेकींना टेकवून जो आकडा येतो तो नंतर वजा करा, साधारण ०.२ ते ०.४ ओहम असतो आणि इतक्या छोट्या मोजमापात तेवढ्याने फरक पडतो. ४ ओहमचा वूफर मीटरवर साधारण ३.२ ते ३.८ दाखवतो, २ ओहमचा १.६ ते १.९ च्या आसपास, त्यामुळे कमी दिसलं म्हणून घाबरू नका, ते असंच असतं. बऱ्याच कंपनी फिटेड वूफरमध्ये दोन कॉईल असतात म्हणजे टर्मिनल चार, त्या दोन वेगवेगळ्या मोजायच्या आणि दोन्ही आकडे जवळपास सारखे आले पाहिजेत. मोजताना कोन हलवलात तर आकडा नाचतो, कारण हलणारी कॉईल स्वतःच थोडी वीज तयार करते, म्हणून हात काढून आकडा स्थिर होऊ द्या. मात्र मीटर मध्येच ओपन (म्हणजे जोड तुटलेला) दाखवतो आणि कोन किंवा ती विणलेली वायर थोडी हलवली की परत आकडा येतो असं झालं तर अभिनंदन, तुमचा रोग सापडला, ती वायरच आतून तुटलीये.

मीटर नसेल तर एक साधा १.५ व्होल्टचा सेल घ्या आणि क्षणभर टेकवा, कोनाने टुक करून हललं पाहिजे. सेलचं प्लस वूफरच्या प्लसला लावलं की कोन बाहेर येतो, हे लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे. सेल टेकवून धरून ठेवू नका. यापेक्षा मजेदार अजून एक युक्ती, एका कॉईलची दोन्ही टर्मिनल वायरच्या तुकड्याने जोडा आणि कोन दाबा, कॉईल चांगली असेल तर कोन जड लागतो, जणू मधात बुडवलाय, वायर काढली की हलका. काहीच फरक पडत नसेल तर कॉईल किंवा तिची वायर तुटलेली आहे.

विणलेल्या वायरचं काम आधी, कारण ते छोटं आहे. ती बहुतेक वेळा टर्मिनलजवळ नाहीतर कोनाच्या जवळ तुटते. जुनं सोल्डर काढा, दोन्ही टोकं स्वच्छ करा, ३०-४० वॉटचं सोल्डरिंग आयर्न घ्या आणि ही गोष्ट अजिबात चुकवू नका: वायरला जोडापासून थोडं वर चिमट्याने घट्ट पकडा. ही वायर सोल्डर वातीसारखं वर ओढून घेते आणि सोल्डर चढलेला भाग तारेसारखा कडक होतो, मग चार दिवसांनी तिथेच परत तुटणार. चिमटा उष्णता खातो आणि सोल्डर तिथेच अडतं. वायरला झोल ठेवा, कोन पूर्ण बाहेर आला तरी ती ताणली जाता कामा नये, आणि इतका पण नको की ती कोनावर आपटून टकटक करेल. वायर फारच आखूड राहिली तर स्पीकरसाठीचीच लवचिक वायर आणून पूर्ण बदला, साधी वायर लावलीत तर हजारो वेळा वाकून तुटेल.

आता फोम, आणि हा खरा कार्यक्रम. नवीन फोम आणताना नुसतं "आठ इंची" म्हणून आणू नका, तीन मापं घ्या: कोनाचा जिथे फोम चिकटतो तिथला व्यास, फ्रेमवर जिथे चिकटतो तिथला व्यास, आणि मधल्या फुगीर भागाची रुंदी. आणि जुना फोम कोनाच्या वरून चिकटवलाय की खालून हे बघून ठेवा, नवा पण तसाच बसवायचा, नाहीतर कोनाची उंची बदलते.

फ्रेमवर पुठ्ठ्याचा किंवा रबराचा गोल असेल तर तो ब्लेडने हळूहळू उचलून बाजूला ठेवा, तो परत लावायचाय. जुना फोम खरवडून काढा. उरलेला चिकट आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापूस बुडवून पुसा, कागदी कोन असेल तर कमीत कमी ओला, कागद पाणी प्यायल्यासारखा मऊ होतो. प्लॅस्टिकच्या कोनावर थिनर किंवा अ‍ॅसिटोन वापरू नका. हे काम कंटाळवाणं आहे, तासभर जातो, पण इथे आळस केला तर नवा फोम दोन महिन्यांत सुटतो. मधे मॅग्नेटच्या फटीत कचरा जाऊ नये म्हणून वूफर पालथा धरून खरवडलेलं बरं.

कागदी कोनाला पांढरा पातळ स्पीकर ग्लू चालतो आणि तो मला आवडतो कारण चुकलं तर काही मिनिटं सरकवता येतं. पॉलिप्रॉपिलीनच्या कोनाला, म्हणजे तो गुळगुळीत प्लॅस्टिकचा, पांढरा गोंद धरत नाही, त्याला प्रायमर आणि रबर बेस्ड अॅडेसिव्ह लागतं. इन्स्टंट ग्लू मात्र दोन्हीला नको, कडक होऊन तडकतो.

आधी फोम फक्त कोनाला चिकटवा आणि पूर्ण वाळू द्या. दुसऱ्या दिवशी फ्रेमची बाजू. सगळी मेख इथे आहे, कारण कॉईल ज्या फटीत हलते ती मिलिमीटरच्या हिशोबातली आहे आणि कोन थोडा जरी कलला की खरखर सुरू. फ्रेमला गोंद लावा, फोम टेकवा, आणि गोंद ओला असतानाच कोन सगळीकडून सारखा दाबून वरखाली करा, कान लावून ऐका. खरखर आली तर ज्या बाजूला दाबल्यावर थांबते त्या बाजूला फोम केसभर सरकवा, परत ऐका. मला पहिल्या वेळी चाळीस मिनिटं लागली आणि मधे एकदा सगळं उपटून परत लावलं. असं हाताने जमत नसेल तर खात्रीचा उपाय म्हणजे कोनाच्या मधली टोपी ब्लेडने कापून काढायची आणि कॉईल आणि मॅग्नेटच्या मधल्या खांबाच्या फटीत जुन्या एक्स-रे फिल्मच्या चार पट्ट्या चारही बाजूंना सारख्या अंतरावर सरकवायच्या, कॉईल आपोआप मध्यावर अडकते, मग बिनधास्त फोम चिकटवा, गोंद वाळल्यावर पट्ट्या काढा आणि टोपी परत चिकटवा. टोपी उघडी असताना लोखंडाचा कण आत गेला तर मॅग्नेट त्याला सोडत नाही, चिकटपट्टीचं टोक आत घालून काढावा लागतो. वर वजन ठेवायची गरज नाही, कडेला चारपाच कपड्यांचे चिमटे पुरतात. २४ तास हात लावू नका, खरंच.

कोनाला फक्त चीर गेली असेल तर एवढं काही नको, टिश्यू पेपरचा एक पदर आणि पातळ केलेला पांढरा गोंद मागच्या बाजूने, झालं.

दरम्यान अँप आणि वूफर ज्यात बसतो तो बॉक्स बघून घ्या. अँप बहुतेक डिकीच्या बाजूच्या खाचेत असतो आणि मागच्या लाईटचं रबर गळकं असेल तर पाणी थेट तिथेच उतरतं. कनेक्टरवर हिरवी बुरशीसारखी पूड दिसली तर अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने घासा, पण गळती आधी बंद करा. प्लॅस्टिकच्या बॉक्सला स्क्रूच्या जागी बारीक तडा असेल तर बासच्या वेळी फुस फुस हवा जाते आणि माणूस वूफरला शिव्या देत बसतो, तडा इपॉक्सीने भरा आणि वूफर बसवताना कडेला फोमची पट्टी लावा. स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे करून आवळा.

कॉईलच जळलेली असेल तर मोह सोडा, नवीन वूफर घ्या, पण ओहम तेवढाच. २ ओहमच्या जागी ४ टाकलात तर आवाज कमी होईल, ४ च्या जागी २ टाकलात तर कंपनीचा अँप गरम होऊन जाईल. खोली पण मोजा, मोठं मॅग्नेट मागच्या पत्र्याला टेकतं.

सगळं लावून झालं की आधी कमी आवाजात ऐका. बास आहे पण पातळ, पोकळ वाटतोय, आणि तुम्ही वायरी सोल्डर केल्यात किंवा वूफर बदललाय, तर प्लस-मायनस उलटं लागलंय का ते त्या सेलवाल्या टेस्टने तपासा. दोन कॉईलवाल्यात एकच उलटी लागली तर दोघी एकमेकींच्या विरुद्ध ओढतात आणि कोन जवळजवळ हलतच नाही, मग परत फोम उपटायला धावू नका, एका कॉईलच्या दोन वायरी अदलाबदल करून बघा.