झाकार्पात्याचा 'गुंतवणूक पासपोर्ट' कसा वाचावा

युक्रेनमध्ये ओब्लास्त म्हणजे प्रांत. गुंतवणूकदारांना देण्यासाठी प्रांताचे प्रशासन एक 'गुंतवणूक पासपोर्ट' छापते: नकाशा, लोकसंख्या, निर्यात, मोठ्या कारखान्यांची नावे आणि रिकाम्या जागांची यादी. आकडे सहसा खरे असतात, पण ते निवडलेले असतात. ते तपासायचे कसे, हे झाकार्पात्या प्रांताच्या उदाहरणावरून पाहू. नावाचा अर्थच 'कार्पेथियन पर्वतापलीकडचा'. क्षेत्रफळ सुमारे 12,800 चौ. किमी, राजधानी उझहोरोद, आणि सीमेला पोलंड, स्लोव्हाकिया, हंगेरी, रोमानिया असे युरोपीय संघाचे चार देश. उझहोरोदच्या विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणासाठी भारतीय विद्यार्थी जात असल्याने आपल्याकडे हे नाव अनेक घरांत माहीत आहे. उद्योगाच्या अंगाने मात्र त्याच्याकडे फारसे कोणी पाहिलेले नाही.

आधी प्रत्येक आकड्याशेजारी वर्ष लिहा

पेन्सिल घ्या आणि पासपोर्टमधल्या प्रत्येक आकड्यापुढे तो कोणत्या वर्षाचा आहे ते लिहा. वर्ष सापडले नाही तर आकडा खोडा. हे काम कंटाळवाणे आहे, पण निम्म्या चुका इथेच सापडतात.

लोकसंख्येपासून सुरुवात करा. युक्रेनची शेवटची जनगणना डिसेंबर 2001 ची. तेव्हा प्रांतात साडेबारा लाख लोक होते. त्यानंतरचे सगळे आकडे अंदाज आहेत, आणि 1 जानेवारी 2022 चा अंदाज सुमारे 12.4 लाखांचा आहे. पुढे युद्धामुळे पूर्वेकडून विस्थापित लोक इथे आले आणि इथली बरीच कुटुंबे परदेशी गेली. त्यामुळे 'दरडोई' शब्द असलेला 2022 नंतरचा कोणताही आकडा फक्त दिशा कळण्यापुरता धरा. त्यातच मार्च 2022 च्या कायद्याने कंपन्यांना सांख्यिकी अहवाल पुढे ढकलण्याची मुभा मिळाली, म्हणून त्या वर्षापासूनच्या औद्योगिक आकड्यांत भोके आहेत.

दुसरा सापळा तालुक्यांचा. 2020 मध्ये प्रांतातले 13 रायोन, म्हणजे तालुके, मोडून 6 केले: उझहोरोद, मुकाचेवो, बेरेहोवे, खुस्त, त्याचिव आणि राखिव. 2019 चा मुकाचेवो रायोन आणि 2021 चा मुकाचेवो रायोन यांचे नाव एकच, पण हद्द वेगळी. 'तालुक्याची वाढ' दाखवणारा आलेख या रेषेवरून उडी मारत असेल तर तो टाकून द्या. त्याऐवजी ह्रोमादा, म्हणजे स्थानिक पालिका, या पातळीवरचे अंदाजपत्रक मागा. प्रांतात अशा 64 ह्रोमादा आहेत. पगारावरच्या प्राप्तिकराचा मोठा वाटा त्यांच्या तिजोरीत जातो, म्हणून ती रक्कम सलग तीन वर्षे पाहिली की गावात खरा रोजगार किती आहे ते कळते. छापील 'विकास निर्देशांका'पेक्षा हा आकडा कितीतरी प्रामाणिक असतो.

रिव्निया हे युक्रेनचे चलन. त्यातल्या रकमा आजच्या दराने युरोत बदलू नका. अधिकृत दर फेब्रुवारी 2022 मध्ये डॉलरला 29.25 वर गोठवला होता, जुलैत तो 36.57 केला, आणि ऑक्टोबर 2023 पासून तो बदलता आहे. ज्या वर्षाची रक्कम, त्याच वर्षाचा दर.

जुन्या पासपोर्टमध्ये दोन गोष्टी अजून बलस्थान म्हणून दिसतात. एक, रशियन वायूचा पारगमन मार्ग: तो 1 जानेवारी 2025 पासून बंद आहे. दोन, 'झाकार्पात्या' मुक्त आर्थिक क्षेत्र: त्याच्या करसवलती 2005 मध्येच एका अर्थसंकल्पी कायद्याने गेल्या. या दुसऱ्या घटनेची आठवण ठेवा. कोणतीही सवलत पाहिली की ती कोणत्या कायद्यात आहे आणि किती वर्षांसाठी आहे, हे दोन प्रश्न विचारायचे.

निर्यात मोठी दिसते, तेव्हा जॉबवर्क किती ते विचारा

इथले मोठे कारखाने म्हणजे उझहोरोदजवळचे याझाकी आणि जेबिल, मुकाचेवोतले फ्लेक्स आणि स्की बनवणारी फिशर, आणि सीमेलगतच्या सोलोमोनोवोत श्कोडा गाड्या जोडणारा युरोकार. वायर हार्नेस, म्हणजे गाडीतल्या तारांचे जुडगे, आणि इलेक्ट्रॉनिक्स हा इथला कणा. चाकण-भोसरीतल्या कोणत्याही पुरवठादाराला ही कामाची पद्धत सांगावी लागणार नाही: माल ग्राहकाचा, मजुरी आपली. युक्रेनमध्येही कच्चा माल शुल्क न भरता आत येतो, आणि ठरलेल्या मुदतीत तयार माल बाहेर जावा लागतो.

हिशेबात मात्र पूर्ण किंमत निर्यात म्हणून चढते. समजा 100 युरोच्या हार्नेसमध्ये 80 युरोची तार आणि कनेक्टर बाहेरून आले. निर्यात 100 दिसेल, पण प्रांतात राहिले ते 20, आणि त्यातही मुख्यतः पगार. म्हणून निर्यातीच्या तक्त्याशेजारी आयातीचा तक्ता ठेवा. तोच मालगट दोन्हीकडे मोठा असेल तर ते जॉबवर्क. त्यात वाईट काही नाही, पण 'इथे पुरवठासाखळी तयार आहे' असा अर्थ त्यातून काढू नका. साधा मोल्ड दुरुस्त करून देणारे टूलरूम जवळ आहे का, हे वेगळे शोधावे लागते.

भारतातून सुटे भाग नेऊन इथे जोडायचे आणि युरोपात शुल्काविना विकायचे, हा विचार मनात येतोच. युरोपीय संघाबरोबरचा मुक्त व्यापार करार 2016 पासून लागू आहे, पण सवलत युक्रेनमध्ये उगम पावलेल्या मालाला मिळते. नुसती जोडणी केल्याने उगम बदलत नाही. आपल्या वस्तूच्या एचएस कोडसमोर, म्हणजे मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरण क्रमांकासमोर, करारात कोणती अट आहे, म्हणजे परकीय भागांच्या किमतीची मर्यादा की कोडमधला बदल, हे सर्वात आधी वाचा. अट पूर्ण होत नसेल तर पुढचा सगळा खटाटोप व्यर्थ आहे.

नाका आणि रूळ

चार शेजारी म्हणजे चार मालवाहू दरवाजे नव्हेत. पोलंडशी असलेली सीमा छोटी आणि डोंगराळ आहे, तिथे मालाचा ट्रक थेट जाईल असा नाका नाही. पोलंडचा माल ल्विव प्रांतातून फिरून जातो. खरे दरवाजे असे: हंगेरीकडे चोप–झाहोनी, स्लोव्हाकियाकडे उझहोरोद–विश्ने नेमेत्स्के, रोमानियाकडे द्याकोवे–हाल्मेउ. बाकीच्या नाक्यांवर वजनाची आणि मालाच्या प्रकाराची बंधने असतात, ती नाक्यानुसार तपासा. प्राणिज आणि वनस्पतिजन्य मालाची तपासणी प्रत्येक नाक्यावर होत नाही. ट्रकसाठी 'येचेर्हा' ही इलेक्ट्रॉनिक रांग आहे. ती पाहून महिनाभर रोजचा प्रतीक्षेचा वेळ नोंदवा आणि सरासरी नव्हे, सर्वात वाईट दिवस करारात धरा. जस्ट-इन-टाइम पुरवठ्यात दंड त्याच दिवसाचा बसतो.

रेल्वेत अडचण रुळांच्या रुंदीची. युक्रेनची 1520 मिमी, युरोपची 1435 मिमी. चोप परिसरात माल एका वाघिणीतून दुसरीत चढवतात किंवा चाके बदलतात. 1435 चा मार्ग सप्टेंबर 2025 मध्ये चोपहून उझहोरोदपर्यंत, 22 किमी, पोहोचला. त्याचा पहिला फायदा प्रवाशांना झाला आहे, म्हणून आपल्या जागेजवळच्या मालधक्क्यावर कोणता रूळ आहे ते प्रत्यक्ष पाहा. पूर्वेकडे जाणाऱ्या मालासाठी बेस्किद बोगदा आहे. 1886 चा एकेरी बोगदा जाऊन मे 2018 मध्ये नवा दुहेरी सुरू झाला.

जमीन: इथे सर्वात जास्त वेळ द्या

शेतजमिनीचा बाजार 1 जुलै 2021 ला युक्रेनच्या नागरिकांसाठी खुला झाला आणि 1 जानेवारी 2024 पासून युक्रेनी मालकीच्या कंपन्यांनाही 10,000 हेक्टरपर्यंत खरेदी करता येते. परदेशी माणसाला किंवा परदेशी मालकीच्या कंपनीला ती विकत घेता येत नाही. सार्वमताने हे बदलले, तरी सीमेपासून 50 किमीच्या पट्ट्यात परदेशी मालकीच्या कंपन्यांवरची बंदी कायम राहील अशी कायद्यात सोय आहे. झाकार्पात्याची सगळी सपाट, पिकाची जमीन याच पट्ट्यात येते. तेव्हा 'पुढे नावावर करून देऊ' असे सांगणाऱ्या मध्यस्थावर एक युरोही लावू नका. स्थानिक माणसाच्या नावावर घेण्याचा सल्ला तर आणखी धोक्याचा. कायदेशीर वाट भाडेपट्ट्याची, आणि तो 50 वर्षांपर्यंत करता येतो.

कारखान्याच्या जागेसाठी कॅडस्ट्र क्रमांक, म्हणजे भूमी नोंदीतला तुकड्याचा क्रमांक, मागा. तो 19 अंकी असतो, 10, 2, 3 आणि 4 अशा गटांत, आणि या प्रांताचा क्रमांक 21 ने सुरू होतो. क्रमांक दिला नाही तर जागेची मोजणीच नोंदलेली नाही असे समजा. क्रमांकावरून जमिनीचा ठरलेला वापर पाहा. 'औद्योगिक' म्हणून दाखवलेली जागा कागदावर शेती निघाली, तर वापर बदलण्यात आणि आराखडा मंजूर होण्यात बराच काळ जातो.

नोंदणीकृत औद्योगिक पार्कमध्ये ही कटकट कमी. तिथल्या कारखान्याला नफा पुन्हा उद्योगात घालण्याच्या अटीवर 10 वर्षे नफाकरातून सूट आणि नव्या यंत्रांच्या आयातीवर सवलत मिळू शकते. पण नोंदणी झालेला पार्क आणि चालू पार्क यांत फरक आहे. कुंपणापर्यंत वीज, पाणी आणि सांडपाण्याची वाहिनी आली आहे का, हे तीन प्रश्न लेखी विचारा. 1.2 कोटी युरोंपेक्षा मोठ्या प्रकल्पांसाठी राज्य मदतीचा वेगळा कायदा आहे. लहान उद्योजकाने त्यात वेळ घालवू नये.

वीज आणि माणसे

वीजपुरवठ्याबाबत हा प्रांत युक्रेनमध्ये वेगळा आहे. 2002 पासून तो 'बुर्श्टिन बेटा'चा, म्हणजे देशाच्या ग्रिडपासून वेगळ्या केलेल्या पश्चिमेकडच्या वीजजाळ्याचा, भाग म्हणून युरोपीय ग्रिडशी जोडलेला होता, उरलेला देश 16 मार्च 2022 ला जोडला गेला. मुकाचेवोच्या 400 किलोव्होल्ट उपकेंद्रातून शेजारी देशांकडे वाहिन्या जातात. तरीही तासवार वीजकपातीचे वेळापत्रक इथेही लागते. वितरण कंपनीकडून करारापूर्वीच 'तांत्रिक अटी' घ्या आणि पुरवठ्याची विश्वासार्हता श्रेणी विचारा. तिसऱ्या श्रेणीत एकच स्रोत असतो. सलग भट्टी किंवा शीतगृह चालवायचे असेल तर ती चालणार नाही.

कामगारांचा प्रश्न विजेहून कठीण. लोक पूर्वीपासून हंगेरी, स्लोव्हाकिया, चेकियात कामाला जातात, आणि आता पुरुष सैन्यभरतीच्या कक्षेत आहेत. 'महत्त्वाचा उद्योग' दर्जा मिळाला तर साधारण निम्म्या पात्र पुरुषांना भरतीतून राखून ठेवता येते. त्यासाठीच्या निकषांपैकी एक सरासरी पगाराचा आहे, 2025 मध्ये 20,000 रिव्निया. हा पगार धरून हिशेब करा: 18 टक्के प्राप्तिकर आणि 5 टक्के लष्करी कर जाऊन हातात 15,400, आणि मालकाचा 22 टक्के सामाजिक हप्ता धरून खर्च 24,400. पासपोर्टमध्ये छापलेल्या 'सरासरी मजुरी'त हा हप्ता धरलेला नसतो.

कंपनी, आणि पैसे परत आणण्याची वाट

मर्यादित दायित्वाच्या कंपनीला तिथे 'तोव' म्हणतात. किमान भांडवलाची अट नाही. नफाकर 18 टक्के, व्हॅट 20 टक्के. परदेशी भागधारकाला आणि संचालकाला 10 अंकी करक्रमांक लागतो. घोळ होतो तो नावांत: ज्ञानेश्वर, श्रीकृष्ण, देशपांडे ही नावे वेगवेगळे अनुवादक युक्रेनी लिपीत वेगवेगळी लिहितात, आणि मग बँक खाते अडवते. पहिल्या नोटरी अनुवादातले लेखन पक्के करा आणि प्रत्येक कागदावर तेच वापरा.

भांडवल आत नेण्यापूर्वी बाहेर कसे येईल ते पाहा. युद्धकाळात मध्यवर्ती बँकेने परकीय चलनावर निर्बंध घातले. मे 2024 पासून 1 जानेवारी 2024 नंतरच्या नफ्यावरचा लाभांश महिन्याला 10 लाख युरोंपर्यंत बाहेर पाठवता येतो. आधीच्या वर्षांच्या नफ्याचे नियम वेगळे आहेत, म्हणून चालू कंपनी विकत घेताना साठलेला नफा पूर्ण किमतीने मोजू नका. भारताच्या बाजूने रिझर्व्ह बँकेचे 2022 चे परदेशी गुंतवणूक नियम लागू होतात: पैसे अधिकृत डीलर बँकेतून, फॉर्म एफसी भरून, आणि दरवर्षी 31 डिसेंबरपर्यंत कामगिरी अहवाल.

साध्या विम्यात युद्धाचे नुकसान येत नाही. हा प्रांत आघाडीपासून लांब आहे, पण 3 मे 2022 ला वोलोवेत्सजवळच्या रेल्वे वीज उपकेंद्रावर आणि 21 ऑगस्ट 2025 ला मुकाचेवोच्या फ्लेक्स कारखान्यावर क्षेपणास्त्रे पडली. जागतिक बँक गटाच्या मिगासारख्या संस्था युद्धजोखमीचे संरक्षण देतात. त्याचा खर्च पहिल्याच ताळेबंदात धरा.

जागा पाहायला जाताना

युक्रेनची हवाई हद्द बंद आहे, म्हणून बुडापेस्ट किंवा कोशित्सेला उतरून रस्त्याने किंवा रेल्वेने जावे लागते. शक्यतो मार्चमध्ये जा, बर्फ वितळण्याच्या दिवसांत. तिसा आणि तिच्या उपनद्यांना नोव्हेंबर 1998 आणि मार्च 2001 मध्ये मोठे पूर आले होते. जागेशेजारच्या जुन्या घरांत विचारा की त्या दोन वेळा पाणी भिंतीवर कुठवर आले होते, आणि ती उंची मोजून जमिनीच्या भरावाच्या अंदाजपत्रकात घाला. सोलोत्विनो परिसरात जुन्या मिठाच्या खाणींमुळे जमीन खचते, तिथे भूगर्भ अहवालाशिवाय शेडचा पायाही आखू नका.