कर्नलमधील लॉक आणि मेमरीचे दोष कसे दुरुस्त करावेत

रत्नागिरी किंवा कुडाळला घरी बसून लिनक्स कर्नलवर, म्हणजे लिनक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्यावर, काम करणाऱ्यांनी कोड बदलण्यापूर्वी दोष आभासी यंत्रात (सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकात) हमखास पुन्हा घडवून आणावा. पावसाळ्यात वीज आणि इंटरनेट खंडित होत असल्याने सोर्स कोडची संपूर्ण प्रत आधीच उतरवून ठेवावी.

कर्नल बांधताना लॉकडेप (लॉकच्या वापरातील चुका शोधणारे साधन) आणि २०१५ साली ४.० आवृत्तीत आलेले कासान (मेमरीचा चुकीचा वापर शोधणारे साधन) सुरू करावे. कासानचा सर्वसाधारण प्रकार एक-अष्टमांश मेमरी स्वतःच्या नोंदींसाठी राखतो, म्हणून आभासी यंत्राला थोडी जास्त मेमरी द्यावी.

एका ठिकाणी ‘अ’ नंतर ‘ब’ आणि दुसरीकडे उलट क्रमाने लॉक (सामायिक माहिती एका वेळी एकानेच वापरावी यासाठीचे कुलूप) घेतले जात असेल, तर प्रत्यक्ष डेडलॉक (दोन कामे एकमेकांच्या लॉकची वाट पाहत अडकून पडणे) होण्यापूर्वीच लॉकडेप इशारा देते. तेव्हा सर्वत्र एकच क्रम ठरवून तो कोडमधील टिपणीत लिहावा. स्पिनलॉक (जे मिळेपर्यंत न झोपता सतत तपासत राहावे लागते ते लॉक) हाती असताना झोपू शकणारे, म्हणजे मेमरी मिळेपर्यंत थांबून राहू शकणारे, मेमरी-वाटप करू नये, ते लॉकपूर्वीच उरकावे.

कासानच्या अहवालात मेमरी कुठे घेतली, कुठे मुक्त केली आणि त्यानंतर कुठे वापरली, हे तिन्ही माग मिळतात. अशा वेळी केवळ नल-तपासणी (पॉइंटर, म्हणजे मेमरीचा पत्ता, रिकामा आहे का हे पाहणे) घालणे मला घातक वाटते, कारण मुक्त झालेल्या मेमरीचा पॉइंटर आपोआप नल होत नाही. त्या मेमरीची मालकी कोणाची हे शोधून संदर्भ-गणना (ती किती ठिकाणी वापरात आहे याची मोजणी) वापरावी, आणि टायमर व वर्कक्यूतील (नंतर करायच्या कामांच्या रांगेतील) प्रलंबित कामे पूर्ण थांबल्यावरच ती मुक्त करावी. मात्र त्या कामाला लागणारे लॉक स्वतः धरून त्याच्या समाप्तीची वाट पाहिल्यास नवा डेडलॉक निर्माण होतो, म्हणून दुरुस्तीनंतर दोन्ही साधने पुन्हा चालवावीत.