प्रपोजल लिहायला बसण्याआधी बजेटची शीट उघडा

छोट्या संस्थेत प्रपोजल, म्हणजे कंपन्यांकडे निधी मागायचा प्रस्ताव, लिहायचं काम कोणाच्या गळ्यात पडतं, तर ज्याचं इंग्रजी त्यातल्या त्यात बरं असतं त्याच्या. माझंही तेच झालं. बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगारांची जी मुलं आजी-आजोबांकडे मागे राहतात त्यांच्यासाठी आम्ही संध्याकाळची अभ्यास केंद्रं चालवतो, मी आले होते शिकवायला, आणि आता वर्षातले निम्मे दिवस एक्सेलसमोर जातात. तुम्हीही असेच ढकलले गेला असाल तर हे वाचा. बारा-ए, ८०जी, दर्पण, सीएसआर-१ या नोंदण्या म्हणजे काय हे मी सांगत बसणार नाही, त्यावर यूट्यूबला ढीगभर व्हिडिओ आहेत आणि तुमचा सीए आहेच.

कागदपत्रांतली एकच गोष्ट सांगते कारण ती त्या व्हिडिओंत सहसा नसते. चेंज रिपोर्ट. संस्थेतले जुने विश्वस्त वारले किंवा सोडून गेले, नवीन घेतले, ठराव झाला, प्रोसिडिंग बुकात सगळं व्यवस्थित आहे, पण धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट कोणी दाखलच केलेला नाही. कायद्याने ९० दिवसांत करायचा असतो. फंडर, म्हणजे पैसे देणारा, ड्यू डिलिजन्सला (संस्थेच्या पडताळणीला) शेड्युल एकचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीचा, उतारा मागतो आणि त्यावर पंधरा वर्षांपूर्वीची नावं निघतात, त्यातली दोन माणसं हयात नाहीत, बँकेत सह्या तिसऱ्याच्याच. तिथे कितीही भारी प्रपोजल असो, फाईल थांबते. दाखल आहे पण मंजुरी पेंडिंग आहे असं असेल तर घाबरू नका, पोच जोडा आणि एका साध्या पत्रात स्थिती लिहा, बहुतेक जण समजून घेतात. दाखलच नसेल तर मात्र प्रपोजल बाजूला ठेवा आणि आधी वकील गाठा.

आता मुख्य मुद्दा. सगळे नवखे लोक प्रपोजल लिहायला घेतात ते 'पार्श्वभूमी'पासून. मराठवाड्यातला दुष्काळ, स्थलांतर, कोयता, मुकादमाने दिलेली आगाऊ उचल, मुलींची लग्नं, चार पानं होतात, डोळ्यात पाणी येतं, आणि मग शेवटच्या रात्री बजेट. मी म्हणते उलटं करा. आधी बजेट. कारण फंडरकडचा माणूसही बऱ्याचदा आधी बजेटच उघडतो, आणि जे तुम्हाला पैशात मांडता येत नाही ते तुम्ही अजून नीट ठरवलेलंच नसतं.

आणि बजेटमधला सगळ्यात मोठा सापळा म्हणजे तो 'अ‍ॅडमिन पाच टक्के'. हा मी जरा जास्तच उगाळणार आहे, कंटाळा आला तरी वाचा, कारण आमची संस्था यात पुरती अडकली होती.

नमुन्यादाखल एक बजेट घ्या. चार केंद्रं, शंभर मुलं, सहा महिने. चार शिक्षिकांचं मानधन महिना ८,००० प्रमाणे १,९२,०००. मुलांचा नाश्ता रोज १५ रुपये, दीडशे दिवस, म्हणजे २,२५,०००. साहित्य ४०,०००. समन्वयक महिना २०,००० प्रमाणे बारा महिने, २,४०,०००. त्याचा प्रवास, म्हणजे खरं तर गाडीचं पेट्रोल, ३६,०००. अर्धवेळ हिशेबनीस ६०,०००. ऑडिटचा वाटा १२,०००. एकूण ८,०५,०००. यात कुठेही चैन नाही हे तुम्हाला दिसतंच आहे.

हे पाठवलं की फोन येतो. मॅडम, तुमचं अ‍ॅडमिन त्रेचाळीस टक्के दिसतंय, कायद्यात पाच टक्क्यांची मर्यादा आहे, तेवढं करून पाठवा. म्हणजे समोरच्याने समन्वयक, पेट्रोल, हिशेबनीस, ऑडिट हे सगळं एका पिशवीत टाकलं आणि त्यावर 'अ‍ॅडमिन' लिहिलं. आणि आपण काय करतो, तर 'कायद्यात आहे' ऐकलं की गप्प बसतो. समन्वयक कापला जातो, ग्रँट मिळते, पेढे वाटतात. मग समन्वयकाचा पगार संस्थेच्या जनरल फंडातून, जो मुळात नसतोच. डिसेंबरपर्यंत तो मुलगा कसाबसा टिकतो, मग त्याला दुसरीकडे नोकरी लागते (लागणारच, त्याला दोष देऊ नका) आणि ऐन हंगामात केंद्रांवर कोणी फिरकत नाही. शिक्षिका एकट्या पडतात, हजेरीचे रजिस्टर अर्धवट, रिपोर्ट कच्चा, आणि पुढच्या वर्षी तोच फंडर म्हणतो तुमचं मॉनिटरिंग कमकुवत आहे. अहो, तुम्हीच तर कापलंत!

तर कायद्यात नेमकं काय आहे ते नीट समजून घ्या. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ आणि त्याखालचे सीएसआर नियम, म्हणजे कंपन्यांनी समाजासाठी करायच्या खर्चाचे नियम. ज्या कंपनीची नेटवर्थ ५०० कोटी किंवा उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के खर्चायचे, हे सगळ्यांना पाठ असतं. नियमांत जी पाच टक्क्यांची मर्यादा आहे ती कंपनीच्या स्वतःच्या अ‍ॅडमिन खर्चावर आहे. म्हणजे कंपनीचा जो सीएसआर विभाग आहे त्याच्या सर्वसाधारण व्यवस्थापनाचा खर्च, तो कंपनीच्या एकूण सीएसआर खर्चाच्या पाच टक्क्यांवर जायला नको. एखाद्या प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख, मूल्यमापन यावर थेट होणारा खर्च त्या व्याख्येतून स्पष्ट वगळलेला आहे. तुमचा समन्वयक काय करतो? अंमलबजावणी आणि देखरेख. तो अ‍ॅडमिन नाहीच. परत सांगते, तो अ‍ॅडमिन नाही. वरच्या बजेटमध्ये खरं अ‍ॅडमिन म्हणता येईल ते हिशेबनीस आणि ऑडिट, ७२,०००, म्हणजे साधारण नऊ टक्के.

गंमत म्हणजे संस्थेवर खरोखर मर्यादा घालणारा कायदा वेगळाच आहे, एफसीआरए, म्हणजे परदेशी निधीचा कायदा. परदेशी निधीतून प्रशासकीय खर्च २० टक्क्यांपर्यंतच, २०२० च्या दुरुस्तीआधी तो ५० होता. लोक हे दोन्ही एकत्र कालवतात, फंडरकडची नवीन पोरं तर हमखास. भांडू नका. नियमातली ती व्याख्या मेलमध्ये चिकटवा आणि विनम्रपणे लिहा की आमच्या समजुतीप्रमाणे हे असं आहे, आपल्या कंप्लायन्स टीमला एकदा विचाराल का. एखादी कंपनी म्हणेल की कायदा काही असो, आमची पॉलिसीच पाच टक्क्यांची आहे. तो त्यांचा हक्क आहे. पण मग ती पॉलिसी आहे, कायदा नाही, आणि पॉलिसीवर बोलणी होऊ शकतात. ब्रिजस्पॅन या सल्लागार संस्थेने भारतात याच विषयावर 'पे व्हॉट इट टेक्स' नावाची मोहीम चालवली आहे, त्यांचे रिपोर्ट नेटवर आहेत, बोलणी करताना उपयोगी पडतात.

शिवाय मांडणी बदला. 'पगार' नावाचं एक हेड (खर्चाचं शीर्षक) आणि त्यात सगळी माणसं, असं करूच नका. कामाप्रमाणे हेड करा: केंद्र चालवणं, पालक सभा आणि गृहभेटी, सर्वेक्षण आणि देखरेख. प्रत्येकात कोणाचे किती महिने जाणार ते लिहा. ही काही लपवाछपवी नाही, काम असंच चालतं. 'केंद्रं सहा महिने मग समन्वयक बारा महिने कशाला' हा प्रश्न येणारच, तर त्याचं उत्तर आधीच शेजारच्या रकान्यात लिहून ठेवा: जुलै-ऑगस्टमध्ये कोणती कुटुंबं जाणार याची यादी, सप्टेंबरमध्ये आजी-आजोबांच्या बैठका, एप्रिलनंतर परत आलेल्या मुलांना शाळेत बसवणं.

आणि जर आकडा खरंच जमत नसेल तर केंद्रं कमी करा, चाराची तीन. माणूस कापू नका.

हप्त्यांचंही बघा. ४०-४०-२० असं असेल तर शेवटचे वीस टक्के रिपोर्ट आणि यूसी (पैसा वापरल्याचं प्रमाणपत्र) दिल्यावर येतात, म्हणजे वरच्या बजेटात १,६१,००० तुम्हाला आधी स्वतःच्या खिशातून घालायचे आहेत. कोणाच्या खिशातून? एमओयूवर, म्हणजे करारावर, सही करायच्या आधी हा प्रश्न विचारा. पहिला हप्ता हा मुकादमाच्या उचलीसारखाच असतो, एकदा घेतला की तुम्ही बांधले गेलात. यूसीसाठी सीएसआरवाले इतके मागे का लागतात तेही सांगते, दिलेला पैसा ठरल्या कामावर वापरला गेला असं त्यांच्या सीएफओला, म्हणजे वित्तप्रमुखाला, स्वतः प्रमाणित करावं लागतं. त्यामुळे चिडचिड नको, बिलं दर महिन्याला लावत जा.

फंडर शोधायचे कुठे? 'टॉप ५०० सीएसआर कंपन्या, ईमेलसह' अशी पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर पैसे घेऊन विकतात, ती घेऊ नका. त्या पत्त्यांवर मेल टाकणं म्हणजे फुकटचा वेळ. त्यापेक्षा कंपनीचा वार्षिक अहवाल डाउनलोड करा, संचालकांच्या अहवालाला सीएसआरचं परिशिष्ट जोडलेलं असतं, त्यात जिल्ह्याचं नाव सर्च करा. कोणत्या प्रकल्पाला किती, कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या संस्थेमार्फत, हे काही अहवालांत सापडतं. सीएसआर डॉट जीओव्ही डॉट इन वर कंपनीवार आणि राज्यवार आकडे आहेत. कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्या असं कायदा सांगतो, म्हणून चाकण, रांजणगाव, वाळूजचे कारखाने आधी आपल्या आजूबाजूला बघतात. आमच्यासारख्यांच्या जिल्ह्यात मोठे उद्योगच कमी, हा अन्याय आहे, पण आहे. आम्ही मग वाट काढली ती अशी की आधीच शिक्षणावर आणि शेजारच्या जिल्ह्यात खर्च करणाऱ्या कंपन्या शोधल्या आणि त्यांच्यासोबत काम करणाऱ्या संस्थांना फोन केले. होय, 'स्पर्धकांना'. लोक मोकळेपणाने सांगतात हो. कोणता अधिकारी प्रत्यक्ष गावात येतो आणि कोण फक्त फोटो मागतो, हे तुम्हाला दुसरी संस्थाच सांगणार.

फक्त सीएसआरच्या मागे लागू नका हेही खरं. तीन वर्षांच्या कामाचा ट्रॅक रेकॉर्ड नसेल तर सीएसआरचं दार तसंही बंद असतं. तोवर माणसांकडून पैसे उभे करा. पुण्यात पितृपक्षात 'देणे समाजाचे' हे प्रदर्शन भरतं, गणेशोत्सवात लोकसत्ताचा 'सर्वकार्येषु सर्वदा' असतो, तिथे निवड झाली तर अनोळखी वाचक चेक पाठवतात, आणि त्या पैशाला हेड नसतं! हिशेबनिसाचा पगार त्यातून निघतो. नवीन करप्रणालीत देणगीवरची ८०जीची करवजावट मिळत नाही म्हणून देणगीदार कमी झाले असं बरेच जण म्हणतात, माझं मत वेगळं आहे, पाचशे-हजार देणारा माणूस वजावटीसाठी देतच नाही. एफसीआरएच्या वाटेला इतक्यात जाऊ नका. तीन वर्षांचं अस्तित्व आणि मुख्य कामावर १५ लाखांचा खर्च लागतो, दिल्लीच्या स्टेट बँकेत खातं उघडावं लागतं, वार्षिक रिटर्न वेगळं. आणि मोठ्या संस्थेने परदेशी निधी घेऊन तुम्हाला द्यावा हा जुना मार्ग २०२० पासून बंदच आहे.

मिळालेल्या रकमेवर टक्केवारी मागणारा कन्सल्टंट दिसला तर दारातूनच परत पाठवा. ती टक्केवारी कोणत्या हेडमध्ये दाखवणार सांगा बरं? कामाचे ठरलेले पैसे घेऊन शिकवणारा असेल तर गोष्ट वेगळी. एआयकडून लिहून घेणाऱ्यांना माझा विरोध नाही, इंग्रजी सुधारून घ्या खुशाल, पण 'होलिस्टिक', 'सस्टेनेबल', 'एम्पॉवरमेंट' असलं सगळं एकाच परिच्छेदात आलं की वाचणारा ओळखतो. मेंटॉर म्हणून मोठ्या संस्थेच्या संस्थापकांच्या मागे फिरण्यापेक्षा त्यांच्या अकाउंट्सवाल्या ताईंशी ओळख करा. मला जे काही येतं ते तिथून आलंय.

उत्तर येणार नाही, हे धरून चाला. नकारही येत नाही, नुसती शांतता. सुरुवातीला मला वाटायचं माझं इंग्रजी कमी पडतंय. तसं नसतं. बऱ्याचदा त्यांचं वर्षाचं ठरून गेलेलं असतं, तुम्ही उशिरा पोचलात एवढंच. एकदा आठवणीचा मेल टाका, दुसऱ्यांदा फोन करा आणि पुढच्या नावाकडे वळा.

आणि हे वेळेचं गणित आमच्यासारख्यांना फार महत्त्वाचं आहे, कारण कंपनीचं वर्ष एप्रिल ते मार्च आणि ऊसतोडीचा हंगाम दसरा-दिवाळीनंतर सुरू. ऑक्टोबरमध्ये केंद्र उघडायचं तर जानेवारी ते मार्चमध्ये पहिली भेट झालेली हवी, म्हणजे पुढच्या वर्षाचा आराखडा त्यांच्या बोर्डापुढे जाताना तुमचं नाव त्यात असेल. याउलट फेब्रुवारीत अचानक फोन येतो, आमच्याकडे थोडे पैसे उरलेत, दोन दिवसांत प्रपोजल द्या, ३१ मार्चच्या आत खर्च दाखवा. आपली मुलं तेव्हा आई-बापाची वाट बघत बसलेली असतात आणि केंद्रं बंद व्हायला आलेली. हरखून हो म्हणू नका. त्यांना विचारा, हे 'ऑनगोइंग प्रोजेक्ट', म्हणजे एका वर्षापलीकडे चालणारा प्रकल्प, म्हणून घेता येईल का. तसं घेतलं तर उरलेली रक्कम वर्ष संपल्यावर ३० दिवसांत कंपनीच्या वेगळ्या अनस्पेंट (न खर्चलेल्या पैशाच्या) खात्यात जाते आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत वापरता येते, म्हणजे तुमचा ऑक्टोबर त्यात बसतो. मात्र तसा निर्णय कंपनीच्या बोर्डाने घ्यायचा असतो, फोनवरच्या साहेबांनी नाही, म्हणून तो लेखी मेलवर आल्याशिवाय शिक्षिकांना शब्द देऊ नका.